काड्यांचा हॉल आणि आईंनी न पाहिलेलं रुखवत

सोमवारी जाऊ नका. संग्रहालय बंद असतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण मी सोमवारचीच रजा टाकून बसले होते. आमच्या सोसायटीतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी लिफ्टमध्ये सहज विषय काढला म्हणून कळलं. नाहीतर सासूबाईंना घेऊन मी बंद दारासमोर उभी राहिले असते आणि तिथल्या तिथे माझी पूजा बांधली गेली असती.

आता तुम्ही म्हणाल, वैशाली आणि चित्रांचं म्युझियम? बरोबर आहे तुमचं. मी राहते खारघरला, नोकरी करते द्रोणागिरीतल्या एका गोदामात. कुठला कंटेनर आला, कुठला गेला, एवढंच माझं जग. चित्रकलेत शाळेत मला डोंगरामागून सूर्य काढता यायचा, तोही हसरा. तर या सहलीचं कारण चित्रं नव्हतीच. कारण होतं आईंचे गुडघे. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आईंचे दोन्ही गुडघे पार गेलेत. हॉलमधून किचनपर्यंत यायचं तर भिंत, खुर्ची, फ्रीज असे थांबे घेत येतात. डॉक्टरांनी कधीचं सांगितलं होतं, वाट्या बदला. पण आई म्हणजे आई. कधी पंधरवडा वाईट, कधी नातवाची परीक्षा, कधी नुसतंच ‘बघू की’. यंदा संदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात जोडले, चिडला, शेवटी रुसून बसला. तेव्हा आईंनी अट घातली.

“आधी मला त्यो हॉल दाखवा. मग खुशाल पाय कापा.”

“आई, पाय कापत नाहीत गं. आणि तिथं आता हॉल नाही, म्युझियम आहे.”

“हॉल हाय. परवा टीव्हीत दावला. बाहेरनं तसाच हाय त्यो.”

हा हॉल म्हणजे काळा घोड्याजवळचं आधुनिक कलेचं संग्रहालय. मुंबईत राहणाऱ्यांनी त्या चौकातून शंभरदा जाता-येता पाहिलेलं असतं, आत मात्र बहुतेक जण गेलेले नसतात. आईंचं लग्न तिथे लागलं होतं. हे मला माझ्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं! या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच कळतात, चहा गाळता गाळता.

तर फेब्रुवारीतला बुधवार ठरला. गाडी मी चालवायची आणि संदीपनं घरी थांबायचं, ही माझी अट. तो शेजारी बसला की त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहतो आणि मला घाम फुटतो. आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या, पाठीला उशी, मांडीवर डबा. डब्यात तिखटामिठाच्या पुऱ्या. “मुंबईत काय मिळत न्हाई का?” असं मीच त्यांच्या आवाजात विचारलं, तर म्हणाल्या, “मिळतं की. पर हातचं ते हातचं.”

खारघरहून निघून उलव्याच्या बाजूनं आम्ही समुद्रावरच्या नव्या पुलाला लागलो. रस्ता विचाराल तर लोणी. टोल भरभक्कम आहे, पण ज्यांना गाडीत फार वेळ पाय दुमडून बसवत नाही अशा माणसांसाठी पैसे वसूल. दुचाकी आणि रिक्षा पुलावर सोडत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. गाडी मध्येच थांबवून फोटो काढायचा मोह आवरा, दंड होतो. मधल्या एका टप्प्यात कठडे उंच आहेत, तिथे समुद्र दिसत नाही. बाकी दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. शिवडीकडे उतरताना चिखलात गुलाबी ठिपके दिसले, ते फ्लेमिंगो.

“आई, ते बघा पक्षी!”

“तू म्होरं बघ. पक्षी मी बघते.”

या पुलावरच त्यांनी मला सगळी गोष्ट सांगितली. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते, मधून मधून पुढेही बघत होते.

आईंचे वडील साताऱ्याकडचे. मुंबईत येऊन त्या हॉलमध्ये शिपाई म्हणून लागले. हॉलच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली. हॉलमध्ये तेव्हा काय चालायचं नाही ते विचारा. गाण्याच्या मैफली होऊन गेलेल्या, पुढाऱ्यांची भाषणं, कामगारांच्या सभा, बॉक्सिंगच्या लढती, चपलांचे सेल आणि लग्नं. कार्यक्रम संपला की वडील झाडू मारायचे आणि पोर मागे मागे. सभेला आलेली माणसं विड्या-सिगारेटी ओढायची. खुर्च्यांखाली जळक्या काड्यांचा सडा. ही पोर त्या काड्या वेचायची आणि पत्र्याच्या डब्यात साठवायची.

“कशाला?”

“रुखवताला. आन् कशाला?”

रुखवत ज्याला माहीत नाही असा मराठी माणूस विरळा, तरी नव्या पोरांसाठी सांगते. लग्नात नवरीनं हातानं केलेल्या वस्तू टेबलावर मांडतात. मण्यांची तोरणं, सुपारीचे नवरा-नवरी, विणलेले रुमाल, साखरेचं तुळशीवृंदावन. वऱ्हाडी येऊन बघतात, नावं ठेवतात, बायका एकेका वस्तूवर उखाणे घेतात. आता तयार सेट भाड्यानं मिळतात. माझ्या लग्नात तसाच होता, दुसऱ्या दिवशी परत केला.

आईंनी काय केलं होतं? त्या सभांमधल्या जळक्या काड्यांचा अख्खा हॉल! आत स्टेज, सज्जा, पायऱ्या, वर घुमट. किती महिने लागले ते त्यांनाही आठवत नाही. समोरची गोल भिंत काही केल्या जमेना. काड्या आडव्या चिकटवल्या की भिंत सरळच यायची. मोडायची, परत करायची. शेवटी त्यांनी काड्या उभ्या लावल्या, एकीला एक खेटून, तेव्हा भिंत वळली. मॅनेजरसाहेबांनी ते बघितलं आणि खूश होऊन मधल्या वारी हॉल मोकळा होता तो लग्नाला दिला. शिपायाच्या मुलीचं लग्न त्या हॉलात लागलं.

“मग? सगळ्यांनी वाखाणला असेल हॉल.”

“वाखाणला म्हणं. म्या कुठं बघितलं?”

मला कळेना. आई म्हणाल्या, नवरी गौरीहराला बसलेली, आतल्या खोलीत. बाहेर मावशीनं टेबल मांडलं, बायका हसत होत्या, उखाणे घेत होत्या, ते सगळं भिंतीतून ऐकू येत होतं. अंतरपाट, अक्षता, पंगत. ओटी भरून बाहेर येते तर टेबल रिकामं. नवरा मुलगा म्हणजे माझे सासरे, शंकरराव. मशीद बंदरच्या बाजारात माथाडी. वऱ्हाडाची गाडी म्हणजे बाजारातला ट्रक आणि भरणारे त्यांचे दोस्त, सगळे हमाल. ट्रक गावाकडे निघालेला, रिकामा कशाला न्यायचा, म्हणून वाटेत एका दुकानदाराच्या मिठाच्या गोण्या घ्यायच्या होत्या. बाजाराचा शिरस्ता असा की हाताला आधी आलं ते आधी चढवायचं, अगदी आत. आधी आलं रुखवत. त्यावर मिठाच्या गोण्या.

“गावात जाऊन बघतेय तर काड्यांचा भुगा. साखरंचं वृंदावन मिठात गेलं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, काय आणलंस गं पोरी?”

फोटो? फोटोवाला फक्त जेवणाच्या पंगतीचे काढून गेला होता. सासरे पुढे बाजाराबरोबर नवी मुंबईत आले, कोपरखैरण्यात घर झालं, मुलं मोठी झाली. “पर रुखवताचा विषय निघाला की ह्यांची मान खाली,” आई म्हणाल्या. “मरंस्तोवर म्हणायचे, एकदा तुला तिथं घिऊन जातो. ऱ्हाऊन गेलं.”

मग मला त्यांची अट कळली. आपली आयुष्यातली सगळ्यात मोठी कारागिरी त्यांनी मांडलेली कधी पाहिलीच नव्हती. निदान ती जागा तरी बघायची होती, जिथे टेबल होतं. ऑपरेशन टेबलावर जायच्या आधी. “भूल दिल्यावर उठले, न उठले,” असं त्या म्हणाल्या, आणि मी रागावले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि समोर फ्रीवेचं वळण होतं.

फ्रीवेनं फोर्टात यायला अजिबात वेळ लागत नाही. त्रास आहे तो पार्किंगचा. काळा घोड्याजवळ पैसे भरून गाडी लावायची सोय आहे, पण दहाच्या आत पोचलात तरच. आम्हाला जरा लांब जागा मिळाली. फुटपाथच्या कठड्यावर बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या, टपरीवरचा चहा घेतला आणि आईंचा हात धरून मी हळूहळू चौकात आले.

इमारतीबद्दल थोडं सांगते, कारण हे सगळं मी घरी जाऊन वाचलं आणि ड्रॉइंगच्या बाईंचं डोकं खाऊन विचारलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका पारशी दानशूराच्या देणगीतून हा सार्वजनिक हॉल बांधला गेला, शेजारच्या विज्ञान महाविद्यालयाबरोबर. समोरच्या मोठ्या घुमटवाल्या संग्रहालयाचा आराखडाही त्याच इंग्रज वास्तुविशारदाचा. म्हणून त्या चौकात उभं राहिलं की सगळ्या इमारती एकाच घरातल्या वाटतात. दगड पिवळसर. चौकाकडचा दर्शनी भाग गोलाकार, चौक वळतो तशी भिंत वळते. पुढे शहरात वातानुकूलित, चांगल्या आवाजाची नाट्यगृहं झाली आणि याला कुणी विचारेना. कळा गेली. मग कलाकार आणि कलाप्रेमींनी मागणी लावून धरली की इथे आधुनिक कलेचं संग्रहालय करा. ते काम कित्येक वर्षं चाललं. बाहेरचं रूप वारसा म्हणून जसंच्या तसं ठेवलं. आतला एकच उंच हॉल होता, त्यात अर्धगोल मजले चढवले, जिन्यांनी जोडले, शेवटचा थेट घुमटाखाली.

आई त्या गोल भिंतीसमोर उभ्या राहिल्या. हाताची बोटं उभी धरून, एकमेकांना चिकटवून, त्यांनी हवेत वळवून दाखवली.

“अशी. उभ्या काड्या.”

खरं सांगते, मी त्या चौकातून इतकी वर्षं जातेय, ती भिंत वळते हे मला त्या दिवशी दिसलं.

तिकीट अगदीच थोडं आहे. पिशव्या बाहेर ठेवायला लागतात. फोटोचं विचारूनच काढा. आत थंडगार, शांत, पांढऱ्या भिंती, चित्रांवर नेमका उजेड. मला तर एकदम भारी वाटलं. आईंकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पडलेला.

“स्टेज कुठाय?”

“आई, आता स्टेज नाहीये.”

“सज्जा?”

मी मानेनंच नाही म्हटलं. त्या चार पावलं गेल्या, थांबल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डोक्यावर छत आलेलं, जिथे पूर्वी नुसती उंच पोकळी होती. ज्या मुलीनं तो हॉल काडी काडी करून बांधला होता, तिला त्यात दिशा कळेना. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“ह्यो त्यो हॉल न्हाई, वैशाली. आतनं दुसराच केलाय. चल घरला.”

“अहो आई, आत्ताच तर आलोय.”

“चल म्हणते न्हवं! काय उगं आलो. पायाचं बी काय नको आता. हाय ते बरं हाय.”

झालं! हॉल नाही तर ऑपरेशन नाही, हिशोब सरळ होता. आणि त्याहीपेक्षा, पन्नास वर्षं मनात ठेवलेली जागा एका मिनिटात पुसली गेलेलं ते तोंड मला बघवेना. देवाशप्पथ, मला त्या सुंदर पांढऱ्या भिंतींचा राग आला.

तेवढ्यात तिथली सिक्युरिटीची बाई जवळ आली. चाळिशीची, ठसठशीत कुंकू, अंगात युनिफॉर्मचा शर्ट, केसांत अबोलीची वेणी. मला वाटलं, आवाज केला म्हणून झापणार.

“काय झाला गो मावशी? पानी देऊ?”

बोलण्यावरून मी ओळखलं. “तुम्ही नवी मुंबईच्या का?”

“सारसोल्याची. नेरूलची. तुमी?”

“खारघर.”

“मंग आपलीच हाय की!” ती आईंकडे वळली. मी तिला थोडक्यात सांगितलं, लग्न, रुखवत, टेबल. ती ऐकता ऐकता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मावशी, खालचा सगला नवा केला. पन वरती घुमट हाय तो जुनाच, असा सगली सांगतान. त्यो बघल्याबिगर जाव नको. माजा ऐक.”

आईंनी जिन्याकडे बघितलं. लिफ्टची चौकशी करते म्हटलं तर मला करू दिली नाही. “माज्या बापानं हितं कंदी लिफ्ट बघितली न्हवती,” म्हणाल्या आणि कठड्याला हात घातला.

तो जिना आम्ही कसा चढलो ते मला आणि त्या कठड्याला माहीत. एक पायरी, मग श्वास, मग ‘आई आई गं’, मग दुसरी. प्रत्येक मजल्यावर बसायला बाक मिळाला की बसलो आणि समोर असेल ते चित्र बघितलं. तुम्हाला टिप देते. चित्रं बघायची असतील तर गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर जा. आपण एरवी दोन सेकंदांत पुढे सरकतो. तिथे दहा-दहा मिनिटं एका निळ्या चित्रासमोर बसल्यावर निळ्याच्या आत हिरवा आहे, त्याच्याखाली काहीतरी खरवडलंय, असं दिसायला लागतं.

“ह्याला काय म्हणायचं?” आईंनी विचारलं.

“मलाही नाही कळत.”

आईंनी मान तिरकी केली. “पर मन लावून केलंय. किती येळा पुसलंय बघ. मनासारकं हुईना म्हणून पुसलंय.”

शेजारी स्केचबुक घेऊन बसलेल्या दोन कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या, मग पुन्हा त्या चित्राकडे बघायला लागल्या. तिथून उठल्यावर आई एकदाही घरी चल म्हणाल्या नाहीत.

वर पोचलो. घुमटाखालची ती जागा मी वर्णन करून सांगू शकत नाही, स्वतः जाऊन उभे राहा. डोक्यावर गोल आभाळ घातल्यासारखं वाटतं. आईंनी श्वास घेतला, मान वर केली आणि तशाच राहिल्या. मी पाठीला हात लावून उभी, तोल जाईल म्हणून. मग त्यांचं बोट वर गेलं.

“त्योच हाय.”

“नक्की?”

“आगं, दुपारचा कार्यक्रम नसला की आबा झाडायचे आन् मी स्टेजवर पडून ह्योच बघत बसायची. तवा किती लांब हुता! वाटायचं, हितं पाखरूच जाईल.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि तोंडभर हसू. “आन् आता ही मोडकी ढोपरं घिऊन मी आले वर!”

मीही रडले. सांगायला लाज कसली? ज्यांनी कुणी हा हॉल पाडला नाही, आतून बदलताना वरचा घुमट राखला, त्या सगळ्या अनोळखी माणसांना मी तिथे उभी राहून मनातल्या मनात नमस्कार केला. पाडून टॉवर उभा करायला किती वेळ लागतो, हे आम्हा नवी मुंबईकरांना कुणी सांगायची गरज नाही.

एकदा घुमट ओळखीचा झाल्यावर आईंना बाकीचं सापडायला लागलं. स्टेजवर पडलं की डोकं कुठे आणि पाय कुठे, ते त्यांना पाठ होतं. त्या जागच्या जागी वळल्या. “हिकडं स्टेज. म्हणजे हिकडं खुर्च्या. गौरीहर त्या अंगाच्या खोलीत. मावशी म्हणाली हुती, स्टेजवरनं उतरलं की डाव्या हाताला भिंतीशी टेबल.” त्यांनी डावा हात बाजूला काढला आणि तसाच धरला. त्या हातानं दिशा धरूनच आम्ही खाली उतरलो. जिना वळला की थांबायचं, हात पुन्हा नीट करायचा. बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाई रस्त्यावर गाडी वळवतेय.

तळमजल्यावर आलो. आईंचा हात भिंतीच्या एका कोपऱ्याकडे आला आणि थांबला. तिथे एकही चित्र नव्हतं. एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीवर आमची सारसोळ्याची सिक्युरिटी.

“ऊठ गं बाई,” आई म्हणाल्या. “माज्या रुखवतावर बसलीयास!”

ती बाई तोंडावर हात दाबून अशी हसली की खांदे गदगदले. हसता हसता उठली, रुमालानं खुर्ची पुसली. “बस गो मावशी. तुजीच जागा.”

आई बसल्या. दोन्ही तळवे भिंतीला लावले, मग मांडीवर ठेवले. वरातीतली नवरी बसते तशा ताठ.

“आता नाव घे,” सिक्युरिटी म्हणाली. “रुखवत हाय तं नाव घेवाला लागते.”

“आगं जा. म्हातारीला काय नाव घ्यायला लावती.”

“घे गो, कोन नाय बगत!”

बघत सगळेच होते. त्या स्केचबुकवाल्या मुलीही खाली आल्या होत्या. आईंनी पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला आणि हळू आवाजात, पण खणखणीत म्हणाल्या:

“काडीला काडी लावली, भिंत केली गोल,
शंकररावांच्या ट्रकात गेला माझा हॉल!”

अर्धगोल भिंतींमधून सगळ्यांचं हसणं वरपर्यंत गेलं. मुलींनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि शांतता पाळायची म्हणून हवेतच हलवले. आई स्वतःही हसत होत्या, पण मग एकदम म्हणाल्या, “न्हाई गं. ह्यांना उगं बोलले मी जन्मभर. भरणाराला काय म्हाईत, आत काय हाय. वझं उचलायचं शिकलेले ते.” आणि पदरानं डोळे पुसले.

निघताना सिक्युरिटीचं नाव विचारायचं राहिलं. ती सारसोळ्याची आहे, वेणी माळते, एवढंच माहीत. बाई, तू हे वाचत असशील तर तुझे उपकार आहेत आमच्यावर. तू वर जा म्हणाली नसतीस तर आम्ही घरी आलो असतो.

दुपारी फोर्टातल्या एका खानावळीत जेवलो. तळमजल्यावर जागा आहे का हे विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी माडीवर पाठवतात. मी सुरमई घेतली, आईंनी भाजी-चपाती सांगितली आणि माझ्या ताटातली अर्धी सुरमई खाल्ली. परतीच्या पुलावर आई झोपल्या. घरी दारातच संदीप उभा होता. आई चप्पल काढत म्हणाल्या, “घे तारीख.”

मार्चमध्ये एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नंतर दुसऱ्याचं. दोन्ही व्यवस्थित. व्यायामाला येणाऱ्या मुलीला आई शिव्या घालतात आणि खाऊही घालतात, म्हणजे प्रकृती सुधारतेय. पण पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी मला एक काम लावलं. जळक्या काड्या आण.

मी दुकानातून हस्तकलेच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट आणून दिलं. त्यांनी ते बाजूला सारलं. “कोऱ्या काडीचा दगूड दिसत न्हाई. टोक जळकं लागतं, तवा कड उठून दिसती.” आता जळक्या काड्या मिळायच्या कुठे? आमच्याकडे गॅसलाही लायटर, देवालाही लायटर. शेवटी मला आठवलं, आमच्या गोदामाच्या गेटबाहेर टपरी आहे, तिथे कंटेनरचे ड्रायव्हर नंबर लागेपर्यंत विड्या ओढत बसतात. लंच टाइममध्ये मी डबा घेऊन तिथे गेले आणि वाकून काड्या वेचायला लागले. ड्रायव्हर लोक बघतच राहिले.

“मॅडम, टेन्शन हाय काय? आख्खी विडी देऊ का?” फलटणचा एक ड्रायव्हर म्हणाला.

मी सांगितलं कशाला हव्यात ते. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर बिस्किटाची रिकामी बरणी आली. लायटर असलेली माणसंही माझ्यासाठी काडीनं पेटवायला लागली, असा टपरीवाल्याचा दावा आहे. विडी वाईट, हे मला मान्य आहे, उपदेश करू नका. पण त्या बरणीसाठी मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. ट्रकनं मोडलेला हॉल ट्रकवाल्यांच्याच काड्यांनी पुन्हा उभा राहिला, एवढं खरं.

गेल्या रविवारी तो पूर्ण झाला. डायनिंग टेबलवर आम्ही तो ठेवला. समोरची भिंत उभ्या काड्यांची, गोल वळलेली. वर घुमट, त्याला आईंनी झाकणासारखं सुटं ठेवलेलं. मला वाटलं, आत एक तर जुनं स्टेज असेल, नाहीतर नवे अर्धगोल मजले असतील. संदीपनं घुमट उचलला. आत दोन्ही नव्हतं. रिकामा हॉल, आणि डाव्या हाताला भिंतीशी एक इवलंसं टेबल. टेबलावर लवंगेची तुळस, खडीसाखरेच्या एका खड्याचं वृंदावन, राईएवढ्या मण्यांचं तोरण, मिऱ्यांचे नवरा-नवरी. आणि मधोमध, नखाएवढा, काड्यांच्या तुकड्यांचा एक हॉल.

आईंनी वॉकर बाजूला केला, टेबलाला धरून त्या नव्या गुडघ्यांवर हळूहळू वाकल्या आणि एक डोळा हॉलच्या छोट्या दाराला लावला. तशाच राहिल्या, आमटी निवून गेली तरी.

मग सरळ झाल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, “बघितलं गं बाई एकदाचं. चांगलं मांडलं हुतं मावशीनं.”